नाशिकच्या गच्चीवर ॲक्वापोनिक्स: मासा कोणता घ्यायचा?

ॲक्वापोनिक्सची, म्हणजे एकाच फिरत्या पाण्यावर मासे आणि भाजी वाढवण्याची, माहिती शोधायला बसलं की पहिला तिलापिया समोर येतो आणि त्याच्या मागोमाग पंगस. हे बहुतेक व्हिडिओ केरळ, आंध्र किंवा कोकणातले असतात. तिथलं पाणी वर्षभर कोमट. आपल्याकडे डिसेंबर-जानेवारीत निफाडकडचे द्राक्षबागायतदार घड वाचवायला पहाटे बागेत शेकोट्या पेटवतात, आणि त्याच रात्री आपली टाकी गच्चीवर उघडी असते. चार महिन्यांनी त्याच टाकीवर चाळिशीचं ऊन येतं. मासा निवडायचा तो या दोन्ही टोकांना तग धरणारा. नाहीतर त्याचा मुक्काम आपणच आधीपासून मार्च ते नोव्हेंबर एवढाच धरायचा. नाशिकमध्ये नव्याने सुरू करणाऱ्यांचा गोंधळ बहुतेक वेळा इथेच होतो, म्हणून हे सविस्तर लिहितो आहे.

ज्यांना हे सगळं अगदीच नवीन आहे त्यांच्यासाठी थोडक्यात: मासे अमोनिया बाहेर टाकतात. पंप ते पाणी झाडं लावलेल्या खडीच्या वाफ्यात नेतो आणि खडीवर वाढणारे जिवाणू त्याचं आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट करतात. नायट्रेट झाडं घेतात आणि पाणी परत टाकीत येतं. म्हणजे झाडांचं खत हे खरं तर माशांच्या खाद्यातून येतं. मासा खाईना की झाडंही उपाशी राहतात.

१. आधी घरात विचारा: मासा खायचा की बघायचा?

हा प्रश्न टाकी घेण्याआधी सुटायला हवा. घरात मासे खात असतील, तरी स्वतः वाढवलेला मासा कापायला सगळे तयार असतात असं नाही. शाकाहारी घरात, किंवा शेजाऱ्यांना वासाची अडचण होईल अशा सोसायटीत, शोभेचे मासे ठेवणं उत्तम. भाजी तेवढीच चांगली येते.

खायचे असतील तर कॅलेंडर समोर ठेवा. जुलैअखेर-ऑगस्टमध्ये श्रावण लागतो, पुढे गणपती, पितृपंधरवडा, नवरात्र. अनेक घरांत या काळात मासा शिजत नाही. नेमके तेव्हाच टाकीतले मासे जोरात वाढत असतात. काढणी दोन-अडीच महिने थांबणार असेल तर मासे सुरुवातीलाच कमी सोडा. नाहीतर भाद्रपदात टाकी खच्चून भरते आणि अमोनिया चढतो.

२. पाण्याचं तापमान मोजा, हवेचं नाही

मासे आणण्याआधी टाकी जागेवर ठेवा, पाणी भरा, पंप चालू करा आणि त्यात थर्मामीटर सोडा. रोज दोन नोंदी घ्या: सूर्योदयाच्या सुमाराला एक, दुपारी तीन-चारला एक. वर्तमानपत्रात येणारा पारा हवेचा असतो. पाणी हवेपेक्षा सावकाश तापतं आणि सावकाश निवतं. पण सलग थंड रात्री आल्या की गच्चीवरच्या छोट्या टाकीतलं पहाटेचं पाणी १५ अंशांच्या आसपास किंवा त्याखालीही येऊ शकतं. रात्रभर पंप चालू असेल तर आणखी लवकर, कारण पाणी उघड्या खडीच्या वाफ्यातून फिरताना निवतं.

थंडीत पहाटे तिलापियाच्या टाकीत वाकून बघा. मासे तळाशी, एका कोपऱ्यात, एकमेकांना चिकटून. कल्ल्यांची हालचाल अगदी सावकाश. खाद्याचे दाणे टाकले तर ते पृष्ठभागावर फिरत राहतात, फुगतात, कडेने मऊ होऊन सुटायला लागतात, आणि एकही तोंड वर येत नाही. ते खाद्य लगेच जाळीने काढलं नाही तर दुपारपर्यंत पाण्याला वास येतो. हे दिसलं की तो मासा तुमच्या जागेला त्या मोसमात चालत नाही हे नक्की.

जागेचा फरक मोठा असतो. दक्षिणेकडे तोंड असलेली, तीन बाजूंनी भिंती असलेली बाल्कनी आणि गंगापूर धरणाकडच्या मोकळ्या वाऱ्यातली गच्ची यांचं पाणी सारखं असणार नाही. म्हणून शेजाऱ्याच्या अनुभवापेक्षा तुमची वही महत्त्वाची. हिवाळ्याच्या नोंदी हाताशी नसतील तर वाईट पहाट १४ अंशांची धरा आणि त्यावरून निवड करा.

३. पाणी कुठून येतं?

महापालिकेच्या पाण्यात क्लोरीन असतं. ते माशांच्या कल्ल्यांना आणि खडीवरच्या जिवाणूंनाही मारतं. पाणी उघड्या टबात एअर पंप लावून एक-दोन दिवस ठेवा, मग वापरा.

बोअरचं पाणी बहुधा जड आणि अल्कलीकडे झुकणारं असतं. इथे पीएच (पाणी आम्ल की अल्कली हे सांगणारा आकडा) नक्की तपासा, कारण पीएच ७ चा ८ झाला की अमोनियाचा विषारी भाग सुमारे दहापट होतो. व्यवस्था मुरली की पीएच हळूहळू आपोआप उतरतो. साधारण ६.८ ते ७.२ मासे, जिवाणू आणि झाडं या तिघांना मानवतो. घाईने ॲसिड ओतून तो खाली आणू नका. अचानक बदल माशांना जास्त बाधतो.

खडी आपल्या खाणींतल्या काळ्या दगडाची असेल तर चालते. शंका असेल तर एक खडा धुऊन, कोरडा करून त्यावर व्हिनेगरचे थेंब टाका. बुडबुडे आले तर त्यात चुना आहे. ती खडी पीएच सतत वर ओढत राहील, घेऊ नका.

४. आता मासा निवडा

सायप्रिनस, म्हणजे कॉमन कार्प. खाण्यासाठी वर्षभर ठेवायचा मासा हवा असेल तर नाशिकसाठी माझी पहिली पसंती यालाच. पाणी ४ अंशांपासून ३४ अंशांपर्यंत तो सोसतो, वाढ २५ ते ३० अंशांत सर्वात चांगली होते. थंडीत खाणं कमी करतो पण सहसा दगावत नाही. तळाशी उकरत राहतो, त्यामुळे घाण एका जागी साचत नाही, पंपाकडे जाते. काटे बरेच असतात, हे खरं. आणि पाणी शेवाळलेलं असेल तर मांसाला मातकट वास येतो. काढायच्या आधी तीन-चार दिवस वेगळ्या टबात स्वच्छ, हवा सोडलेल्या पाण्यात उपाशी ठेवला की हा वास बराच कमी होतो.

तिलापिया, म्हणजे आपल्या बाजारातली चिलापी. गर्दी सोसते, भराभर वाढते, काटे कमी, चव सौम्य. पण तिला २७ ते ३० अंश हवेत. १७-१८ च्या खाली खाणं जवळपास थांबतं आणि १२ च्या आसपास मासे मरायला लागतात. नाशिकमध्ये तिलापिया हंगामी मासा समजा. मार्चमध्ये बोटुकली (बोटाएवढी पिल्लं) सोडायची आणि नोव्हेंबर सरेपर्यंत टाकी रिकामी करायची. असं केलं तर मासा फार चांगला आहे.

तिची दुसरी अडचण म्हणजे पिल्लं. नर-मादी एकत्र असतील तर मादी दोन-तीन महिन्यांत अंडी घालण्याजोगी होते, अंडी तोंडात सांभाळते, आणि बघता बघता टाकीत शेकडो पिल्लं होतात. मग कुणीच मोठं होत नाही. म्हणून फक्त नरांचं, म्हणजे मोनोसेक्स बीज घ्यायचं. १९५२ साली भारतात आणलेला मोझांबिक तिलापिया असाच वाढत वाढत देशभरच्या तलावांत पसरला. म्हणूनच तिलापिया पाळायला आज शासनाची नियमावली आहे आणि परवानगीचा प्रश्न येतो. टाकी घरगुती असली तरी जिल्ह्याच्या मत्स्यव्यवसाय कार्यालयात आधी विचारून या.

रोहू. बाजारातला सगळ्यांचा आवडता, म्हणून सगळे आधी रोहूच मागतात. हजार लिटरच्या खालच्या टाकीत मला तो पटत नाही. त्याला पोहायला जागा लागते, जरा दचकला की उडी मारतो, ऑक्सिजन कमी झाला की लवकर त्रास होतो. मोठी टाकी आणि वर घट्ट जाळी असेल तर ठेवा. थंडीत त्याची वाढ थांबते, हे धरून चाला.

गोल्डफिश. शोभेच्या माशांत नवशिक्यासाठी हाच. भरपूर खातो, भरपूर घाण करतो, आणि वाफ्याला तेच तर हवं असतं. एक शेपटीचा, सडपातळ अंगाचा कॉमेट घ्या. गोलमटोल, डोक्यावर गाठी असलेले ओरांडा दिसायला देखणे, पण पंपाच्या प्रवाहात दमतात आणि लवकर आजारी पडतात. गोल्डफिशची परीक्षा हिवाळ्यात नाही, मेमध्ये असते. पाणी ३० च्या वर गेलं की तो कासावीस होतो. टाकीवर ५० टक्क्यांची शेडनेट आणि दिवस-रात्र हवा लागेल.

कोई हा सायप्रिनसचाच रंगीत भाऊबंद, त्यामुळे थंडी-ऊन दोन्ही झेलतो. मात्र दुकानात बोटाएवढा दिसणारा कोई पुढे दोन फुटांपर्यंत जातो. हजार लिटरपेक्षा लहान टाकी असेल तर मोह टाळा.

गप्पी आणि मोली पन्नास-शंभर लिटरच्या बाल्कनीतल्या टबासाठी. मोलीला जड पाणी आवडतं, बोअरवाल्यांनी लक्षात ठेवावं. या माशांवर पुदिन्याच्या, कोथिंबिरीच्या दोन-चार कुंड्या चालतात, त्याहून जास्त नाही. मोठ्या व्यवस्थेतही खालच्या साठवण टाकीत चार गप्पी सोडाच. डासांच्या अळ्या खातात, आणि डेंग्यूच्या दिवसांत तपासणीला कुणी आलं तर तुमची टाकी निर्धोक असते.

५. हे मासे घेऊ नका

थाई मांगूर, म्हणजे आफ्रिकन मागूर, कुणी कितीही स्वस्त देऊ केला तरी नाही. त्याच्या पालनावर देशात २००० सालापासून बंदी आहे. तो मांसभक्षी आहे, ओल्या जमिनीवरून सरपटत दुसऱ्या पाण्यात जातो आणि तिथले देशी मासे संपवतो. 'देशी मागूर' म्हणून हाच गळ्यात मारला जातो आणि पिल्लं दिसायला इतकी सारखी असतात की नवख्याला ओळखता येत नाहीत. म्हणून पहिल्या वर्षी मागूर या नावाचं काहीच घेऊ नका.

पंगस थंडीत टिकत नाही, शिवाय भित्रा आहे. सावली पडली तरी टाकीच्या भिंतीवर तोंड आपटून घेतो. रूपचंदचंही तेच, पाणी १५ च्या जवळ आलं की मरतुक सुरू होते. मरळ चवीला अप्रतिम, बाजारात भावही चांगला, पण ती शिकारी आहे. लहानमोठी एकत्र ठेवली की मोठी मरळ लहानीला गिळते. कटला गढूळ, सूक्ष्म जीवांनी भरलेल्या तलावाचा मासा आहे. स्वच्छ पाण्याच्या टाकीत तो रोडावतो.

६. किती मासे? हिशोब खाद्यावरून करा

लहान व्यवस्थेत हजार लिटरला २० किलो मासे ही वरची मर्यादा. तुम्ही नवीन असाल तर तिच्या निम्म्यावर थांबा. म्हणजे ५०० लिटरला ५ किलो. मासा ३०० ग्रॅमचा झाल्यावर काढणार असाल तर साधारण १६ बोटुकली. आणताना त्या इतक्या चिमुकल्या दिसतात की पन्नास सोडाव्याशा वाटतात. सोडू नका.

आता वाफा. पालेभाजीला दर चौरस मीटरला रोज ४० ते ५० ग्रॅम खाद्य टाकीत जावं लागतं, टोमॅटो-मिरचीला ५० ते ८०. मोठे मासे रोज वजनाच्या दीड-दोन टक्के खातात. ५ किलो मासे म्हणजे ७५ ते १०० ग्रॅम, म्हणजे दोन चौरस मीटर पालक-मेथी-लेट्यूस. ऐंशी ग्रॅमचे वीस गोल्डफिश ठेवलेत तर खाद्य होतं सुमारे ३० ग्रॅम, म्हणजे पाऊण चौरस मीटरपेक्षाही कमी वाफा. शोभेचे मासे आणि मोठा वाफा असं केलं की पानं पिवळी पडतात, आणि लोक दोष बियाणाला देतात.

थंडीत खाद्य घटतं, तेव्हा वाफ्यातली गर्दीही घटवा. नाशिकच्या हिवाळ्यात मेथी-कोथिंबीर थोड्या खुराकावरही छान येते, ही जमेची बाजू.

७. सामान आणि कागद

सामान:
- थर्मामीटर, अमोनिया, नायट्राइट, नायट्रेट आणि पीएच तपासायचं थेंबांचं किट (कागदी पट्ट्यांवर विसंबू नका)
- तासाला टाकीभर पाणी फिरवेल एवढा पंप
- एअर पंप आणि त्याला बॅटरी किंवा इन्व्हर्टरची जोड
- शेडनेट, टाकीवरची जाळी, हातजाळी
- वेगळा शंभर लिटरचा टब आणि जाडं मीठ
- तरंगणारं खाद्य, प्रथिनं २८ ते ३२ टक्के

वीज गेल्यावर झाडं दिवसभर थांबतात, भरलेल्या टाकीतले मासे थांबत नाहीत. पैसे कुठे वाचवायचे असतील तर वाफ्यात वाचवा, बॅटरीत नको.

अंबड-सातपूरकडे भंगारात हजार लिटरच्या पिंजऱ्याच्या टाक्या स्वस्तात मिळतात. आधी त्यात काय होतं ते विचारा आणि लेबल स्वतः वाचा. रसायनाची टाकी धुऊनही घेऊ नका, खाद्यपदार्थांचीच घ्या.

कागद:
- सोसायटीचं ना-हरकत पत्र. ५०० लिटर पाणी म्हणजे अर्धा टन, आणि ओल्या खडीचं वजन त्याच्यापेक्षा जास्त भरू शकतं. टाकी स्लॅबच्या मधोमध न ठेवता खाली बीम किंवा कॉलम असेल तिथे ठेवा. जुन्या इमारतीत स्ट्रक्चरल इंजिनिअरला दाखवूनच
- मत्स्यबीजाची पावती, ज्यावर माशाची जात लिहिलेली आहे
- तिलापिया असेल तर मत्स्यव्यवसाय कार्यालयाने सांगितलेली परवानगी

८. कधी आणायचे, कसे निवडायचे

व्यवस्था माशांशिवाय चार ते सहा आठवडे चालवा, रोज किंचित अमोनिया किंवा चिमूटभर खाद्य टाकून. अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्यावर आले आणि नायट्रेट दिसू लागलं की टाकी तयार. जिवाणूंनाही ऊब लागते, म्हणून हे काम डिसेंबरात काढलंत तर दुप्पट वेळ जाईल. जानेवारीअखेर सुरुवात केली की मार्चमध्ये मासे सोडता येतात. रोहू-सायप्रिनसचं बीज मात्र पावसाळ्यात मुबलक असतं, त्यासाठी जूनपासून तयारी करा.

जिरे (अंड्यातून नुकतीच निघालेली पिल्लं) किंवा त्याहून जरा मोठी अर्धबोटुकली घेऊ नका, मरतुक फार होते. बोटुकलीच घ्या. घेताना पिशवी उजेडासमोर धरा. पाठीवर, शेपटीवर मिठाच्या कणांसारखे पांढरे ठिपके आहेत का? कल्ले एका बाजूचेच हलतात का? पंख अंगाला मिटलेले आहेत का? एका माशातही असं दिसलं तर त्या टाकीतलं काहीच घेऊ नका, विक्रेता ओळखीचा असला तरी.

९. पहिले पंधरा दिवस

नवे मासे थेट मुख्य टाकीत नाहीत, आधी वेगळ्या टबात. पिशवी बंद ठेवूनच पंधरा-वीस मिनिटं पाण्यावर तरंगू द्या, मग तिच्यात टबातलं पाणी थोडं थोडं घाला, आणि मासे हातजाळीने टबात घ्या. पिशवीतलं पाणी टबात न घेता फेकून द्या. टबात लिटरला ३ ग्रॅम मीठ आणि एअर पंप. दोन आठवडे ठिपके, खाजवणं, सुस्ती काही दिसलं नाही तर टाकीत सोडा. टबातलं मीठपाणी वाफ्याकडे जाऊ देऊ नका, पालेभाजी करपते.

सोडल्यावर पहिला आठवडा निम्मं खाद्य. दहा मिनिटांत संपेल तेवढंच टाका, उरलेलं काढा. अमोनिया रोज तपासा. किटवर ०.५ पीपीएमच्या वर गेला तर खाद्य बंद करा आणि एक तृतीयांश पाणी बदला.

हिवाळा आला की टाकीला थर्माकोल आणि बाहेरून गोणपाट गुंडाळा, वर झाकण ठेवा. रात्री पंप टायमरवर टाकून कमी वेळ चालवा, एअर पंप मात्र अखंड. हीटरने तिलापिया जगवता येतो, पण ३०० वॅटचा हीटर रात्री दहा तास चालला तर रोज ३ युनिट जातात. त्या खर्चात बाजारातून ताजा मासा येतो.

आणि मासे जास्त झाले, घर बदललं, कंटाळा आला, काहीही झालं तरी ते गोदावरीत, नंदिनीत किंवा जवळच्या तलावात सोडू नका. देवाचं पाणी म्हणून लोक श्रद्धेने सोडतात, पण तिलापिया, सायप्रिनस, गोल्डफिश हे तिन्ही आपल्या नदीचे नाहीत. खाली नांदूरमध्यमेश्वरपर्यंत तेच पाणी जातं. शोभेचे मासे दुकानदार परत घेतात, नाहीतर ओळखीत ज्यांच्याकडे टाकी असेल त्यांना द्या. खाण्याचे असतील तर शेजाऱ्यापाजाऱ्यांत वाटा.